ऑपरेटिंग सिस्टिम बदलतं तरी कोण?

कॉम्प्युटरमधली एखादी फाइल इकडून तिकडे हलवायची असली, तर ते काम ऑपरेटिंग सिस्टिम करते. पडद्यावर अक्षर उमटवणं, कीबोर्डवर कोणतं बटण दाबलं ते ओळखणं, डिस्कवर कुठल्या जागी काय लिहायचं ते ठरवणं, सगळं तिच्याच हातात. मग तीच काढून नवी बसवायची वेळ येते तेव्हा फाइली कोण हलवतं? जी जाणार, तीच स्वतःला पुसते की काय? आणि पुसता पुसता मध्येच वीज गेली तर?

प्रश्न पोरकट वाटतो, पण त्याच्या उत्तरात तीस वर्षांची कारागिरी दडलेली आहे. शिवाय सध्या तो घरोघरचा प्रश्न आहे. विंडोज १० ही २९ जुलै २०१५ ला आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने तिचा नेहमीचा आधार थांबवला. त्या दिवशी कुणाचंही मशीन बंद पडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते रोजच्यासारखंच सुरू झालं. थांबलं ते दर महिन्याला येणारं दुरुस्त्यांचं गाठोडं. वेगळी मुदतवाढ घेतली नसेल, तर नवी फट सापडली की ती बुजवणारं आता कुणी नाही. उलट विंडोज ११ साठी दुरुस्ती निघाली की ती उलगडून पाहणाऱ्याला जुन्या सिस्टिममध्ये तशीच फट कुठे असेल याचा अंदाज येतो. म्हणून इंटरनेटला जोडलेल्या मशीनवर विंडोज १० तशीच चालू ठेवणं दिवसेंदिवस जोखमीचं होत जातं.

तीन सिस्टिमचा खेळ

२४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ बाजारात आली. अपग्रेडची फ्लॉपीवरची आवृत्ती घेणाऱ्याला तेरा फ्लॉप्या एकामागून एक घालाव्या लागत. पण खरी गंमत आत चालायची. तिचा इन्स्टॉलर तीन सिस्टिममधून वाट काढत जाई. सुरुवात एमएस-डॉसमध्ये, कारण काही लोकांकडे नुसतं डॉसच असायचं. हा पहिला तुकडा विंडोज ३.१ ची कामापुरती छोटी आवृत्ती उभी करी. तिच्यात दुसरा तुकडा चाले. खिडक्या दाखवणं, प्रश्न विचारणं, फाइली उतरवणं हे त्याचं काम. मग मशीन रीस्टार्ट होई, विंडोज ९५ जागी होई आणि उरलंसुरलं काम तिच्या आत तिसरा तुकडा उरकी. मायक्रोसॉफ्टचे अभियंते रेमंड चेन यांनी ही हकिकत सविस्तर लिहून ठेवली आहे.

म्हणजे आपल्या प्रश्नाचं उत्तर असं: जुनी स्वतःला पुसत नाही आणि नवी स्वतःला बसवत नाही. दोघींच्या मध्ये एक छोटी तिसरी उभी राहते, काम करते आणि निघून जाते. आजच्या विंडोज ११ च्या अपग्रेडमध्येही हाच डाव आहे, फक्त जास्त सफाईने खेळलेला. तो समजायला आधी मशीन जागं कसं होतं ते पाहू.

पहिला आदेश

घरच्या इंटेल प्रोसेसरला वीज मिळते त्या क्षणी त्याला काहीच माहीत नसतं. डिस्क कुठे आहे, तिच्यावर विंडोज आहे की लिनक्स, पडदा जोडला आहे की नाही, काही म्हणजे काही नाही. त्याला एकच गोष्ट जन्मजात ठाऊक असते, ती म्हणजे पहिला आदेश कुठून वाचायचा. तो पत्ता ४ जीबीच्या हद्दीच्या फक्त १६ बाइट अलीकडे असतो. सोळा बाइटांत मावणार ते काय? एक उडी मावते: ‘अमुक ठिकाणी जा.’ त्या एका उडीने प्रोसेसर मदरबोर्डवरच्या चिपमध्ये कोरलेल्या फर्मवेअरच्या मुख्य भागात पोचतो. तोवर रॅमसुद्धा वापरण्याजोगी झालेली नसते. तिला कामाला लावणारा कोड रॅमविनाच, प्रोसेसरच्या पोटातल्या कॅशेत जागा करून चालतो!

मग हे फर्मवेअर ऑपरेटिंग सिस्टिम शोधायला निघतं. जुन्या बायोसच्या काळात ते डिस्कचे पहिले ५१२ बाइट वाचायचं. त्यातही प्रोग्रामसाठी जागा मिळायची ती ४४६ बाइटांची. आपल्या व्हॉट्सॲपवरचा शुभ सकाळचा मजकूर त्याहून मोठा असतो, आणि तेवढ्या जागेतून अख्खी विंडोज उठवायची. आज त्याच्या जागी यूईएफआय आलं. ते डिस्कवरचं एक लहानसं पार्टिशन स्वतः वाचू शकतं आणि त्यातली ठरलेली फाइल चालवतं. कोणती फाइल चालवायची, त्याची नोंद मदरबोर्डवरच्या कायमच्या स्मृतीत असते.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नवी सिस्टिम बसवणं म्हणजे शेवटी डिस्कवर काही फाइली ठेवणं आणि सुरू होतानाच्या नोंदीत बदल करणं. ती नोंद उलटवली की जुनी सिस्टिम पुन्हा हजर. एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स शेजारी शेजारी नांदतात त्या याच जोरावर.

न पुसता येणारा हिशोब

विंडोज ११ आली ५ ऑक्टोबर २०२१ ला, आणि अनेकांना धक्का बसला. ठणठणीत चालणाऱ्या मशीनला ‘तुम्ही पात्र नाही’ असं उत्तर मिळालं. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा या अटी किरकोळ. अडलं ते सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त सही तपासलेला कोडच चालू देणारी सोय), टीपीएम २.० आणि प्रोसेसरच्या पिढीवर. ढोबळमानाने इंटेलची २०१७ पासूनची आठवी पिढी किंवा त्यानंतरची, एएमडीची रायझन २००० मालिका किंवा त्यानंतरची, अशी ही रेषा आहे.

यातला टीपीएम म्हणजे काय, हे एकदा जवळून पाहण्यासारखं आहे. ही एक वेगळी चिप असते किंवा प्रोसेसरच्याच आतली सुविधा असते. तिच्यात काही खास रकाने असतात. मशीन सुरू होताना प्रत्येक टप्पा पुढच्या टप्प्याच्या कोडचा हॅश काढतो. हॅश म्हणजे कोडवरून गणित करून काढलेला एक लांबलचक आकडा. कोडमधलं एक अक्षर बदललं तरी हा आकडा पार वेगळा येतो. आता हा आकडा टीपीएमच्या रकान्यात सरळ लिहिता येत नाही. चिप काय करते, तर रकान्यातला जुना आकडा घेते, त्यापुढे नवा जोडते, दोन्ही मिळून पुन्हा हॅश काढते आणि तो ठेवते. मशीन चालू असताना त्या रकान्यात भर घालता येते, खाडाखोड करता येत नाही. कुणी मधल्या टप्प्यावर घुसखोर कोड घातलाच, तर त्याला आपला माग पुसायला वाव नाही. पुढे काहीही केलं तरी अखेरचा आकडा जुळणार नाही.

बिटलॉकर ही डिस्क कुलूपबंद करणारी सोय याच हिशोबावर उभी आहे. अपेक्षित आकडा जुळला तर टीपीएम किल्ली देतो, नाही तर गप्प बसतो. मग पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये (लोक तिला अजून बायोसच म्हणतात) काही बदललं आणि अचानक ती निळी पाटी आली, म्हणजे मशीन बिघडलं असं नव्हे. चिपने आपलं काम चोख केलं इतकंच. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून तर नव्याने इन्स्टॉल करून मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगइन केलं, की पुष्कळ मशीनवर डिस्कचं कुलूप आपोआप लागतं. त्यामुळे ती ४८ अंकी की आपल्या खात्यात आहे ना, हे पाहून ती कागदावरही उतरवून ठेवावी.

‘पात्र नाही’ या उत्तरावर मात्र लगेच विश्वास ठेवू नये. पुष्कळदा टीपीएम मशीनमध्ये असतो, पण बायोसमध्ये बंद असतो. इंटेलच्या मदरबोर्डवर तो पीटीटी या नावाने सापडतो, एएमडीवर एफटीपीएम. मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत ॲप नेमकं काय अडतंय ते सांगतं.

कोणती निवडायची?

जुन्या मशीनवाल्याची अवस्था धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी आहे. तरी वाटा तीन आहेत.

पहिली, मशीन पात्र असेल तर विंडोज ११. विंडोज १० चा परवाना असेल तर अपग्रेड फुकट आहे आणि तुमचे प्रोग्राम, फाइली, सेटिंग जागच्या जागी राहतात.

दुसरी, मुदतवाढ. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या पुरवण्याची योजना जाहीर केली. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्ट खातं लागतं. हा निर्णय नव्हे, निर्णयासाठी घेतलेला वेळ आहे.

तिसरी, लिनक्स. लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने ऑगस्ट १९९१ मध्ये ‘हौस म्हणून’ जाहीर केलेला हा प्रकल्प आज अँड्रॉइड फोनच्या गाभ्यातही आहे. विंडोजची सवय असलेल्याला लिनक्स मिंट जवळची वाटेल. तिला किमान २ जीबी रॅम लागते, ४ जीबी असेल तर काम सुखाचं होतं. उबुंटूची २४.०४ ही आवृत्ती आणि मिंटची २२ वी मालिका या दोघींचा आधार २०२९ पर्यंत आहे.

लिनक्सची सर्वांत नवलाची गोष्ट म्हणजे ती न बसवताच चालवून पाहता येते. पेनड्राइव्हवर तिची प्रतिमा उतरवायची आणि मशीन त्यावरून सुरू करायचं. अख्खी सिस्टिम पेनड्राइव्हवर आवळून बांधलेली असते. लागेल तसा एकेक तुकडा सुटतो आणि तुम्ही केलेले बदल रॅममध्ये एका वेगळ्या थरावर लिहिले जातात. वापरणाऱ्याला दोन्ही थर मिळून एकच डिस्क दिसते. वायफाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर बोलतो का, मराठी टाइप होतं का, सगळं तपासा. नाही पटलं तर मशीन बंद करून पेनड्राइव्ह काढून घ्या. इन्स्टॉलचं बटण दाबेपर्यंत तुमच्या डिस्कवरच्या फाइली जशाच्या तशा असतात.

चौथी एक आडवाटही आहे. अपात्र मशीनवर युक्त्या करून विंडोज ११ बसवणारे व्हिडिओ ढिगाने मिळतात. ती बसतेही. पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. २४एच२ या आवृत्तीने तर प्रोसेसरला काही ठरावीक आदेश येत नसतील तर सुरूच व्हायचं नाकारलं. हौसेच्या मशीनवर प्रयोग जरूर करावा, दुकानाच्या हिशोबाच्या मशीनवर करू नये.

टक्केवारीच्या मागे

आता मुख्य खेळ. ‘अपग्रेड’ दाबलं की पडद्यावर टक्के चढू लागतात. त्यामागे चार अंक चालतात.

पहिला अंक जुन्या विंडोजमध्येच. इन्स्टॉलर सी ड्राइव्हवर एक लपलेलं फोल्डर करतो आणि नव्या विंडोजचा अख्खा संसार तिथे मांडतो. कोणते प्रोग्राम आहेत, कोणते ड्रायव्हर आहेत, कोणाची सेटिंग काय, याची यादी होते. या सगळ्या वेळात तुम्ही निवांत पत्र टाइप करत बसू शकता. जुनीच्या अंगाला अजून हात लागलेला नाही.

मग सुरू होतानाची नोंद बदलते आणि मशीन रीस्टार्ट होतं. आता जागी होते ती ना जुनी विंडोज ना नवी. ही ती तिसरी. ती पूर्णपणे रॅममध्ये उतरते आणि रॅममध्येच चालते. त्यामुळे तुमचा सी ड्राइव्ह तिच्या लेखी नुसती मालाने भरलेली डिस्क. जुन्या विंडोजची कोणतीही फाइल वापरात नाही, कोणतीही अडकून बसलेली नाही. राहत्या घराचा पाया बदलायचा तर बिऱ्हाड तात्पुरतं बाहेर काढावं लागतं, तसंच हे.

आणि इथे अख्ख्या प्रकरणातली मला सर्वांत आवडणारी चलाखी आहे. वीस-पंचवीस जीबीचं जुनं विंडोज फोल्डर बाजूला करायचं, पण ते उचलून ठेवलं जात नाही. एनटीएफएस या पद्धतीत प्रत्येक फाइलची एक नोंद मोठ्या तक्त्यात असते, आणि फोल्डर म्हणजे नोंदींची यादी. फोल्डर त्याच ड्राइव्हवर हलवायचं तर यादीतली एक ओळ इकडून काढून तिकडे लिहायची. डिस्कवरचे अब्जावधी बाइट जागचे हलतही नाहीत. जुनं फोल्डर ‘विंडोज डॉट ओल्ड’च्या पोटात जातं आणि लपवून ठेवलेलं नवं त्याच्या जागी येतं. गादी बदलते ती निव्वळ नावांच्या फेरफाराने.

तिसऱ्या अंकात नवी विंडोज पहिल्यांदा स्वतःच्या पायावर उभी राहते आणि यंत्रातले भाग ओळखते. चौथ्यात तुमची खाती, सेटिंग आणि शेवटची आवराआवर. यांपैकी कुठेही पाय घसरला, तर इन्स्टॉलर उलटा फिरतो. नावं पुन्हा बदलतात, नोंद पूर्ववत होते, जुनी विंडोज परत येते. सोबत एक त्रुटीचा क्रमांक मिळतो आणि लोक त्याच्याकडे काणाडोळा करतात. खरं तर तोच बोलका असतो. सी१९००१०१ दिसला तर बहुतेक वेळा दोष एखाद्या ड्रायव्हरचा असतो. त्याला जोडून आलेल्या दुसऱ्या क्रमांकात, शून्य-एक्सनंतरचा पहिला आकडा कोणत्या अंकात गाडी अडली ते सांगतो. २००१७ म्हणजे दुसरा अंक, ती रॅममधली सिस्टिम सुरू होताना. अशा वेळी जादाचा प्रिंटर, डोंगल, बाहेरची डिस्क काढून पुन्हा प्रयत्न केला तर अनेकदा काम फत्ते होतं.

सगळं नीट झालं तरी जुनी विंडोज दहा दिवस ठेवली जाते. तेवढ्या दिवसांत सेटिंगमधून ‘गो बॅक’ म्हटलं की ती परत येते. दहा दिवसांनी ही वाट बंद होते.

हे तत्त्व फक्त विंडोजचं नाही. अँड्रॉइडने २०१६ च्या नूगा आवृत्तीपासून फोनमध्ये सिस्टिमच्या दोन प्रती ठेवण्याची सोय आणली. तुम्ही एका प्रतीवर गप्पा मारत असता, तेव्हा अपडेट दुसरीवर लिहिला जातो. रीस्टार्ट झालं की दुसरी पुढे येते. ती नीट उठली नाही तर फोन आपण होऊन पहिलीकडे परततो. नवं स्वतःला सिद्ध करेपर्यंत जुनं मोडायचं नाही, या एका शहाणपणावर आजचं प्रत्येक चांगलं अपग्रेड उभं आहे.

मराठी मशीनची खास अडचण

महाराष्ट्रातल्या छापखान्यांत आणि डीटीपी केंद्रांत मात्र हे शहाणपण एका जागी अपुरं पडतं. तिथल्या अनेक मशीनवर वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे मराठी फाँट आणि लिप्यंतराचे प्रोग्राम अजून पोटापाण्याचं साधन आहेत. युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या या फाँटमध्ये ‘क’ हे अक्षर कॉम्प्युटरच्या लेखी ‘क’ नसतंच. कुठल्या तरी रोमन अक्षराच्या जागी ‘क’चं चित्र बसवलेलं असतं. फाँट गेला की लग्नपत्रिकेचा मजकूर क्षणात अगम्य रोमन गिचमिड होतो.

शिवाय विंडोज ११ ही फक्त ६४ बिटांची आहे. ३२ बिटांचे प्रोग्राम तिच्यावर चालतात, पण १६ बिटांचे मुळीच नाही, आणि ३२ बिटांचे ड्रायव्हरही नाहीत. जुन्या कित्येक पॅकेजांचा प्रोग्राम ३२ बिटांचा असला तरी इन्स्टॉलर १६ बिटांचा असे, आणि परवाना तपासणाऱ्या डोंगलचा ड्रायव्हर ३२ बिटांचा. म्हणजे प्रोग्राम चालू शकेल, पण बसणार नाही, आणि बसला तरी डोंगल ओळखणार नाही. आणखी एक, ३२ बिटांच्या विंडोज १० वरून ११ वर थेट अपग्रेड होत नाही. कोरी बसवावी लागते, म्हणजे प्रोग्राम सगळे गेले.

अशा केंद्रांसाठी माझा कौल असा: जुनं मशीन तसंच ठेवा, पण त्याचं इंटरनेट तोडा आणि ते केवळ जुन्या फाइलींसाठी वापरा. नवं काम नव्या मशीनवर युनिकोडमध्ये करा आणि जुना मजकूर सवडीने कन्व्हर्टरने फिरवून घ्या. पुढची सिस्टिम कोणतीही येवो, युनिकोडमधला ‘क’ हा ‘क’च राहील.

बटण दाबण्याआधी

विंडोज डॉट ओल्ड ही जुन्या सिस्टिमची राखण आहे, तुमच्या आठवणींची नाही. डिस्कच दगावली, तर जुनी आणि नवी दोन्ही एकदम जातात. म्हणून फोटो, कागदपत्रं, टॅलीचा डेटा वेगळ्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क मशीनपासून काढून ठेवा. लॅपटॉप चार्जरला लावा, डेस्कटॉप असेल तर यूपीएसची बॅटरी जिवंत आहे का पाहा, आणि लोडशेडिंगच्या वेळा टाळा. अपग्रेडनंतरच्या दहा दिवसांत आपला प्रत्येक प्रोग्राम, प्रिंटर आणि स्कॅनर एकदा तरी चालवून पाहा. अकराव्या दिवशी तक्रार करून उपयोग नाही.

आणि बॅकअप घेतला म्हणजे झालं असं समजू नका. ती डिस्क दुसऱ्या एखाद्या मशीनला लावा, तिच्यातली एक फाइल उघडा. उघडली तरच तो बॅकअप, आणि मगच अपग्रेडचं बटण दाबा.